नामदिवसाचा मासा

रूसे शहरात डिसेंबर लागला की डॅन्यूब नदीला घरात बसवत नाही. धुक्याची शाल ओढून ती काठ चढते, गल्लीबोळांतून हिंडते, जिन्याखालच्या सायकलींना हात लावून बघते, आणि कुणाच्या खिडकीची फट उघडी दिसली तर न विचारता आत येऊन पडद्यावर टेकते. अशाच एका सकाळी, संत निकोलाच्या सणाच्या दिवशी, भूगोलाचे निवृत्त मास्तर कोल्यो समरजिएव न्हाणीघरात टबाच्या काठावर बसून एका माशाला पो नदीचा उगम समजावून सांगत होते.

मासा लाल होता, फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखा. जत्रेतून आणला तेव्हा करंगळीएवढा होता, आणि विकणाऱ्याने आईची शपथ घेऊन सांगितलं होतं की ही सोनमासळी, हिची वाढ इथंच संपली. मास्तरांनी शपथेवर विश्वास ठेवला. माशाने ठेवला नाही. बरणीतून तो काचेच्या पेटीत गेला, पेटीतून मोठ्या पेटीत, आणि तीही अंगाला दाटायला लागली तेव्हा टबात. मध्येच कधीतरी त्याला मिशा फुटल्या. सोनमासळीला मिशा नसतात, कार्पला असतात, हे साऱ्या गावाला ठाऊक. पण मास्तरांना वाटलं, वय झालं, फुटायच्याच.

त्याचं नाव त्यांनी ठेवलं इस्कर. देशातल्या एका नदीचं नाव.

मास्तरांचा जीव या माशात अडकला होता, त्याला कारण होतं. आयुष्यभर त्यांनी नद्या शिकवल्या आणि आयुष्यभर पोरं खिडकीबाहेर बघत राहिली. निवृत्त झाल्यावर बायकोला, डोन्काला, एखादी नदी सांगायला जावं तर ती बरोबर त्याच वेळी मिक्सर लावायची. इस्कर मात्र ऐकायचा. पाण्यातून वर यायचा, गोल डोळा मास्तरांवर लावायचा आणि तोंड उघडून मिटायचा, उघडून मिटायचा. जणू म्हणत होता, पुढं? पुढं? जगात आपल्याला ‘पुढं?’ म्हणणारं कुणीतरी असावं, एवढंच तर माणूस मागत असतो. मास्तरांना ते मिळालं होतं, आणि ते टबात मावत नव्हतं.

“कोल्यो, आवर ती नदी,” दारातून डोन्का म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते. “आज तुझा नामदिवस आहे, लक्षात आहे ना?”

“माझाच आहे, मला माहीत नसेल?”

“काय माहीत आहे? संध्याकाळी जिना भरून माणसं येतील. त्यातली निम्मी न्हाणीघरात येतील. आणि टबात काय? जिवंत कार्प! निकोलाच्या घरी, निकोलाच्या दिवशी! हा तुझा विद्यार्थी आहे की रात्रीचं जेवण, हे कोण विचारत बसणार आहे? पहिला पाहुणा हात धुवायला येईल आणि दुसरा सुरी मागेल.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. वाढदिवसाला बोलवावं लागतं, नामदिवसाला कुणी बोलवत नाही. ज्याचं नाव संतावरून निकोला, निकोलाय, कोल्यो किंवा निकोलिना, त्याचं दार त्या दिवशी उघडं, आणि दारातून येईल त्याच्या पानात अक्रोड-कांदा भरून कणकेत भाजलेला कार्प. डोन्काने तो बाजारातून आणून ठेवलाच होता. त्या कार्पबद्दल मास्तरांना काही वाटत नव्हतं. त्याला नाव नव्हतं.

“खाली बंदराच्या रस्त्याला शोभेच्या माशांचं एक दुकान आहे,” डोन्का म्हणाली. “लोकांना नकोसे झालेले मासे ठेवून घेतात. फोन कर.”

“माझा मासा नकोसा झालेला नाही.”

“बरं, मग हवाहवासा झालेला मासा घेता का, असं विचार.”

मास्तरांनी फोन केला. पलीकडून घाईतल्या बाईचा आवाज आला, “आणा, आणा. जिवंत आणा म्हणजे झालं.” आणि फोन बंद.

आता न्यायचं कशात? बादलीत शेपूट मावेना. शेवटी गच्चीतलं निळं पिंप निघालं. या दिवसांत रूसेच्या प्रत्येक गच्चीत असलं एक पिंप आंबवलेल्या कोबीने भरलेलं असतं, हे जादाचं होतं. मास्तरांनी ते इतकं घासलं की निळा रंग फिका पडला. कोबीचा वास मात्र हलला नाही. इस्करला पिंपात घातलं, वर मऊ फडकं बांधलं आणि पिंप सामान वाहायच्या दोनचाकी गाडीवर चढवलं.

पहिल्याच वळणावर जिन्यात गान्चो भेटला. गान्चो खालच्या मजल्यावरचा. कालची उतरली नव्हती, आणि आजची चढवायला त्याच्या बगलेत बाटली तयार होती.

“मास्तर! जिवंत राहा, धडधाकट राहा! नामदिवसाला कोबी वाटायला निघालात? देव भलं करो. एक पेला पाणी काढा बघू, डोकं नुसतं ठणकतंय.” आंबलेल्या कोबीचं पाणी ही त्या गावात डोकेदुखीवरची रामबाण मात्रा. गान्चोने फडकं बाजूला केलं, पेला बुडवला आणि तसाच थांबला.

“मास्तर,” तो हळूच म्हणाला, “तुमच्या कोबीला मिशा आहेत.”

“तो इस्कर आहे. त्याला दुकानात पोचवायला चाललोय.”

“विकायला?”

“राहायला.”

गान्चोने मास्तरांकडे बघितलं, माशाकडे बघितलं, मग बाटलीकडे. बाटलीवर त्याचा संशय होता. “आजच्या दिवशी? अहो, एवढा कार्प घरातून बाहेर न्यायचा म्हणजे दिवाळं काढायचं लक्षण! मी येतो बरोबर. तुमचा विचार वाटेत बदलेल, तेव्हा मदतीला कुणीतरी हवं.”

आणि तो आला. त्याला घालवून देणं मास्तरांना जमलं नाही. नामदिवसाच्या माणसाने कुणाला घालवायचं नसतं.

ट्रॉलीबसमध्ये कंडक्टरबाईंनी पिंपावर टकटक केलं. “आजोबा, आत काय?”

“मासा.”

“जिवंत की मेलेला?”

“बाई, हा काय प्रश्न झाला?”

“नियमाचा प्रश्न आहे. मेलेला असेल तर सामान. जिवंत असेल तर प्राणी. प्राण्याला तिकीट लागतं, आणि तोंडाला मुसकं लागतं.”

“माशाला मुसकं?”

“मी कुठं म्हणते माशाला? नियम म्हणतो प्राण्याला.” मग त्या जरा वाकल्या, आवाज मऊ करून म्हणाल्या, “आजोबा, नाव काय तुमचं? कोल्यो? अगंबाई, नामदिवस! मग हे जेवणच की. जेवणाला तिकीट नाही, मुसकं नाही. नुसतं म्हणा ‘जेवण आहे’, आणि बसा निवांत.”

सगळी गाडी मास्तरांकडे बघत होती. गान्चो कोपराने ढोसत होता, “म्हणा की! म्हणायला काय जातंय?” एक शब्द उच्चारला असता तर ऊब होती, बसायला जागा होती, थेट बंदरापर्यंतची वाट होती. पिंपात पाणी डुचमळलं. मास्तरांनी टोपी नीट केली.

“हे जेवण नाही,” ते म्हणाले.

“मग उतरा,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “आणि हो, जिवंत राहा, धडधाकट राहा!”

पुढं सगळी वाट पायी. धुकं आता इतकं दाट झालं होतं की रस्त्याला कडा उरल्या नव्हत्या. झाडं होती, पण अर्धीच. दिवे होते, पण कुठं टांगलेत ते कळत नव्हतं. पाण्याचंच आकाश, पाण्याचीच वाट, आणि त्यातून एक निळं पिंप चाललेलं, पिंपात लाल जीव. मास्तरांना वाटायला लागलं, आपण सगळेच एका मोठ्या टबात आहोत, आणि काठावर बसून कुणीतरी आपल्याला समजावून सांगतंय.

त्या धुक्यातून माणसं यायची नाहीत, नुसते आवाज यायचे. मासा घेऊन निकोला चाललाय ही बातमी त्यांच्या पुढं पळाली होती.

“कोल्यो का? कांदा आधी दुधात भिजव रे!” एक आवाज डावीकडून.

“दुधात कशाला? बाईला स्वयंपाक येत नाही आणि सल्ले देते! मनुका घाल, मनुका!” दुसरा उजवीकडून.

“खवलं फेकू नकोस. एक पाकिटात ठेव, बरकत येते.” तिसरा वरून, बहुधा गच्चीतून.

“जिवंत राहा, धडधाकट राहा!” हा मात्र सगळीकडून.

मास्तर पिंपावर वाकून प्रत्येक वेळी पुटपुटायचे, “ऐकलंस ना? तुलाही म्हणतायत.”

देवळासमोरच्या दगडी फरशीवर गाडीचं चाक निखळलं. पिंप कलंडलं, अर्धं पाणी फरशीवर सांडलं, आणि सांडलं ते नेमकं एका रांगेच्या पायाशी. रांग बायकांची होती. प्रत्येकीच्या हातात फडक्याखाली भाजलेल्या कार्पचं ताट, आणि रांगेच्या तोंडाशी पाद्री इलारियॉन, हातात सब्ज्याची ओली जुडी, येईल त्या ताटावर मंत्र म्हणून पाणी शिंपडत होते. त्यांचा चष्मा धुक्याने पांढरा झाला होता. पिंप समोर आलं, त्यांनी पिंपावर शिंपडलं.

“बाबा, थांबा! हा खायचा नाही!” मास्तर ओरडले.

जुडी हवेत थांबली. “खायचा नाही? मी आज ज्याच्यावर पाणी घालतोय ते ताटात जातंय. ताटात जाणार नसेल तर मी काय केलं?”

“एरवी माणसांवर घालताच की. त्यांना कुठं ताटात वाढता?”

पाद्रीबाबांनी चष्मा काढून पुसला. हा मुद्दा त्यांना कुणी काढून दाखवला नव्हता. “नाव काय त्याचं?” त्यांनी विचारलं. मास्तरांनी सांगितलं. “ठीक. इस्करला देव दीर्घायुष्य देवो,” म्हणून त्यांनी आणखी एकदा शिंपडलं. पण रांगेतल्या बायकांना हे मुळीच पटलं नाही.

“प्रसादाचा मासा जिवंत ठेवतात का कुठं?”

“प्रसाद शेजाऱ्यांबरोबर खायचा असतो. आणि काटे नदीत सोडायचे, कुत्र्यापुढं नाहीत!”

“ऐकलंत मास्तर?” गान्चोचा चेहरा उजळला. “शेजाऱ्यांबरोबर. शेजारी कोण? मी.”

मास्तरांचं लक्ष नव्हतं. उरलेल्या पाण्यात इस्कर कुशीवर झाला होता. कल्ले उघडत होते, पण दोन उघडण्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं. निखाऱ्यावर राख धरावी तसा त्याचा लाल रंग मंदावला होता. मास्तर फरशीवर गुडघे टेकून बसले. त्यांच्या तोंडून एकही नदी निघेना.

“अहो, बघत काय बसलात!” गान्चो म्हणाला. त्याने बगलेतली बाटली कोटाच्या खिशात कोंबली, देवळाच्या नळावरून दोन बादल्या पाणी आणून ओतलं आणि पिंपाची एक कडा धरली. “उचला तिकडून. असं बघू नका माझ्याकडं. मेलेला कार्प मला चालत नाही, ताजाच लागतो, म्हणून करतोय.”

दोघं पळाले. म्हाताऱ्या माणसांचं पळणं ते. पायांपेक्षा श्वास पुढं. गान्चो वाटभर शिव्या घालत होता, धुक्याला, मास्तरांना, जत्रेतल्या त्या विकणाऱ्याच्या आईला. पण त्याने कडा सोडली नाही.

बंदराच्या रस्त्याला होड्यांची जुनी वखार होती, तिच्यातच ते दुकान. दार ओढून घेतलेलं. दारावर पुठ्ठा: ‘नामदिवसानिमित्त बंद.’

मास्तर पुठ्ठ्याकडे बघत राहिले. जगात शुक्रवार होते, सोमवार होते, आणि आपण यायला निवडला कुठला दिवस? जिथं निम्मं गाव निकोला, तिथं दुकानवालीचंही तेच नाव असू शकेल हे भूगोल शिकलेल्या माणसाच्या ध्यानात येऊ नये! आतून हसण्याचे आणि ताटांचे आवाज येत होते. गान्चोने बुटाने दार ठोठावलं.

दार उघडलं एका आडव्या अंगाच्या, हसऱ्या बाईने. “या, या! मी निकोलिना. न बोलावता आलात, हीच रीत. आणि हातात काय, भेट? कार्प! अगंबाई, पण माझ्याकडं तर...”

“भेट नाही,” मास्तर धापा टाकत म्हणाले. “सकाळी फोन केला होता. जिवंत आणा म्हणालात. अजून आहे.”

निकोलिनाचं हसणं थांबलं. तिने पिंपात डोकावलं, एप्रनला हात पुसले आणि एका दमात पिंप उचलून आत नेलं. “पाण्याला पाणी भेटू दे हळूहळू,” ती म्हणाली. “माणसासारखंच असतं. एकदम नव्या घरात टाकलं की दचकतं.” पिंप तिने हौदाच्या पायरीवर ठेवलं आणि वाटीवाटीने त्यात हौदाचं पाणी घालायला लागली.

आता मास्तरांना वखार दिसली. छपराखाली मावेल तितका लांब सिमेंटचा हौद, त्यावर हिरवट दिवे, आणि पाण्यात लाल, पांढऱ्या, सोनेरी आकृत्यांची संथ वर्दळ. कुणी स्वप्न वाळत घालायला विसरलं असेल तर ते असंच ओलं राहून चमकत असेल.

“तो पांढरा बघा, दंतवैद्याकडचा. दवाखाना बंद करून ते स्पेनला गेले,” निकोलिना वाटी थांबू न देता सांगत होती. “ती जोडी घटस्फोटातली. कोर्टात दोघंही म्हणाले, तूच ठेव. हा काळा जत्रेत बक्षीस मिळालेला. माणसं जातात हो, वाढतात, घरं लहान होतात. मासे कुठं जाणार?”

हौदाच्या काठालाच टेबल मांडलं होतं, आणि टेबलावर, हौदाकडे तोंड करून, कणकेतला भाजलेला कार्प. त्याभोवती बसलेली मंडळी सरकली, दोघांना जागा झाली. नामदिवसाच्या घरी नको म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. स्वतःच्या नामदिवशी मास्तर दुसऱ्याच्या पंगतीला बसले. हौदाकडे पाठ करून दोन घास खाल्ले. चव चांगली होती, याचा त्यांना फार राग आला. गान्चोने मात्र तोंड पुसून आधी डोन्काला फोन लावला: “वहिनी, दुकानात पोचलो, जेवतोय. मासा जिवंत, मास्तर साधारण.”

पिंपातलं पाणी आणि हौदातलं पाणी एक होईपर्यंत संध्याकाळ झाली, तेव्हा निकोलिनाने पिंप अलगद आडवं केलं. इस्कर क्षणभर तोंडाशी थांबला. मग शेपटीचा एक हेलकावा, आणि लाल रंग लाल रंगांत मिसळून गेला.

मास्तर काठावर वाकले. “इस्कर,” त्यांनी हाक मारली.

हौदातले सगळेच्या सगळे मासे वर आले. दंतवैद्याचा आला, घटस्फोटातली जोडी आली, जत्रेतला आला. गोल डोळे मास्तरांवर लागले आणि तोंडं उघडायला-मिटायला लागली. पुढं? पुढं? पुढं?

“भूक लागलीये त्यांना,” निकोलिना म्हणाली. “कुणीही वाकलं की येतात, लबाड.”

मास्तर सरळ उभे राहिले. कोटाची वरची गुंडी लावली, मग काढली, मग पुन्हा लावली. ओब, येनिसेई, लेना, सगळ्या नद्या त्यांच्या डोळ्यांपुढून निघून गेल्या. भाकरीच्या तुकड्यासाठी आ वासलेल्या तोंडात त्यांनी त्या एकेक करून ओतल्या होत्या. आणि आता त्या तोंडांमधलं आपलं कुठलं, तेही ओळखू येत नव्हतं.

तेवढ्यात दार उघडून धुकं आत आलं आणि धुक्यामागून डोन्का, हातात झाकलेलं ताट. तिच्यामागं जिन्यातली, गल्लीतली, तिसऱ्या मजल्यावरची मंडळी, प्रत्येकाच्या हातात काहीबाही.

“वा रे वा!” तिने दारातूनच सुरू केलं. “घरात नामदिवस आणि नामदिवसवाला बेपत्ता! पाहुणे विचारतायत कोल्यो कुठाय. काय सांगू, बंदरावर दुसऱ्या बाईच्या घरी जेवतोय म्हणून?” आणि मग तिला त्यांचा चेहरा दिसला. “काय झालं? मेला?”

“नाही. आत आहे,” मास्तर म्हणाले. “कुठला ते कळत नाही.”

डोन्काने ताट निकोलिनाच्या हातात दिलं आणि हौदाच्या काठावर येऊन क्षणभर नुसतं बघितलं. मग बोटातली अंगठी सिमेंटवर तीनदा वाजवली. “लाल्या,” ती म्हणाली.

गर्दीतून एक मासा सुटला आणि सरळ तिच्या हातापाशी आला. डाव्या परावर एक दुमड होती. मास्तरांनी ती कधी पाहिली नव्हती.

“लाल्या?” मास्तर म्हणाले.

“मग उकडलेले वाटाणे त्याला कोण घालत होतं रोज? तू नद्या घालत होतास. नद्यांवर मासा एवढा वाढतो होय?”

“म्हणजे तो ऐकत नव्हता.”

“कोल्यो, तो मासा आहे.”

गान्चोने घास हातातच धरला. मास्तर पाण्याकडे बघत म्हणाले, “मग इतके दिवस मी कुणाला सांगत होतो?”

डोन्काने पदर नसलेल्या बायका ज्याने डोळे पुसतात त्या एप्रनच्या टोकाने ओला हात पुसला. बराच वेळ पुसला. “न्हाणीघराची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत एकच आहे,” ती म्हणाली. “समोर बसून सांगतोस तेव्हा परीक्षा घेतल्यासारखं वाटतं, म्हणून मी मिक्सर लावते. भिंतीपलीकडून बरं वाटतं ऐकायला.”

मास्तरांचं तोंड उघडलं आणि मिटलं.

“गेल्या महिन्यात ती कुठली सांगत होतास,” डोन्का म्हणाली, “नायजर. समुद्राजवळच उगम पावते आणि समुद्राकडं पाठ करून वाळवंटात निघून जाते. तिथवर आलास आणि दारावर मीटर बघायला माणूस आला. मला कितीदा वाटलं विचारावं. वाळवंटात गेल्यावर काय होतं तिचं?”

निकोलिनाने दोन्ही ताटं शेजारी शेजारी ठेवली. जिन्यातली मंडळी बाकांवर, खोक्यांवर, हौदाच्या पायरीवर बसली. मागं लाल पाणी हलत होतं, दाराच्या फटीतून नदीचं धुकं आत येऊन पायापाशी टेकलं होतं.

“वळते,” कोल्योमास्तर म्हणाले, आणि डोन्काच्या शेजारी बसून ती कशी वळते ते हाताने हवेत काढून दाखवायला लागले.